तान्ह्या बाळाचा मधुमेह

राजारामपुरीतल्या माझ्या मावसबहिणीच्या दीड महिन्याच्या मुलीला मधुमेह असल्याचे कळले, तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांनी डोहाळ्यांतल्या गोडाला बोल लावला, आणि तो मला फार लागला. पहिल्या ६ महिन्यांतला मधुमेह बहुधा एकाच जनुकातील बदलामुळे होतो. गर्भात स्वादुपिंडाची, म्हणजे इन्सुलिन आणि पाचक द्रव्ये बनवणाऱ्या ग्रंथीची, घडण पीडीएक्स १, पीटीएफ १ए, जीएटीए ६ अशा जनुकांच्या हुकमाने होते. त्यांत बिघाड झाला, तर ग्रंथी खुरटते किंवा तयारच होत नाही, आणि मग इन्सुलिनबरोबर पाचक द्रव्येही बाहेरून द्यावी लागतात. केसीएनजे ११ या जनुकातील दोषात मात्र ग्रंथी शाबूत असते, इन्सुलिन तिच्या पेशींच्या आत अडकून राहते, आणि पुष्कळदा इन्सुलिनच्या सुईऐवजी गोळीवर भागते. जनुकीय तपासणीचा अहवाल यायचा आहे. तोवर बहीण दर पाजण्याआधी इवल्याशा टाचेतून रक्ताचा थेंब काढते.