जिम्नी आणि काळी माती: टायरची नोंद

मागच्या नोंदीत टायर बदलण्याचा विचार बोलून दाखवला होता. या पावसाळ्याच्या तोंडावर तो अमलात आणला आणि आता चार महिन्यांचा अनुभव गाठीशी आहे. गाडी २०२३ची पाच दारांची मारुती सुझुकी जिम्नी असून ती अंबाजोगाईला असते. तिचे निम्मे फिरणे बालाघाटाच्या माथ्यावर आणि निम्मे धारूर घाटाखाली, माजलगावच्या अंगाला असलेल्या आमच्या शेताकडे होते. टायर निवडताना सगळी अडचण या दोन जमिनींच्या फरकातून उभी राहिली.

माथ्यावर मातीचा थर वीत-दीड वीत असतो आणि त्याखाली मुरूम लागतो. अशा ठिकाणी अरुंद टायर वरचा चिखल कापून मुरमाला टेकतो आणि तिथून पकड घेतो, त्यामुळे कंपनीचे मूळ १९५/८० आर १५ (रुंदी १९५ मि.मी., बाजूची उंची रुंदीच्या ८० टक्के, रिम १५ इंची) हे माप तिथे मुळीच वाईट नाही. घाट उतरला की मात्र काळी माती इतकी खोल आहे की कापत जाणाऱ्या टायरला टेकायला खाली काही सापडतच नाही. तो फक्त रुतत जातो आणि थोडीफार मदत झालीच तर ती रुंदीची होते.

ओळखीच्या बहुतेकांनी मड-टेरेन, म्हणजे खास चिखलासाठीचे टायर घ्यायला सांगितले. मी ते घेतले नाहीत. त्या टायरच्या मोठ्या खाचा चिखल बाहेर फेकतात हे खरे, परंतु त्यासाठी चाक वेगाने फिरावे लागते आणि दोन्ही बाजूंना बांध असलेल्या पांदणीत गाडी तितकी पळवता येत नाही. आपली काळी माती ओली झाली की मेणासारखी चिकटते. चाकाच्या दोन-चार फेऱ्यांत खाचा भरून येतात आणि त्यानंतर टायर कोणत्याही जातीचा असला तरी तो गुळगुळीतच होतो. शिवाय वर्षातले बहुतेक दिवस मी डांबरावर असतो, तिथे मड-टेरेनचा आवाज आणि ओल्या रस्त्यावरची कमी पकड सोसावी लागली असती. माझ्या हिशेबी आपल्याकडचा खरा शत्रू वेड्या बाभळीचा काटा आहे. जमिनीला टेकणाऱ्या रबरात घुसलेला काटा काढून ट्यूबलेसची पट्टी भरता येते, पण साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) फाटली तर टायर बाद होतो, म्हणून जाड साइडवॉलचा ऑल-टेरेन (डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हींवर चालणारा), २१५/७५ आर १५, पक्का केला.

मापाचा हिशेब सोपा आहे. जुन्या टायरचा व्यास ६९३ मि.मी., नव्याचा ७०३.५ मि.मी.; म्हणजे फरक दीड टक्का. जमिनीपासूनची उंची जेमतेम ५ मि.मी. वाढली आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवूनही टायर कुठे घासत नाही. गाडी उंच करणारे लिफ्ट किट बसवलेले नाही, कारण मोटार वाहन अधिनियम १९८८मधल्या, गाडीत बदल करण्याविषयीच्या कलम ५२च्या भानगडीत मला पडायचे नाही. टायर मात्र पाचही घेतले. फोर-एचमध्ये (चारही चाकांना ताकद देणाऱ्या, नेहमीच्या वेगाच्या गियरमध्ये) पुढचा आणि मागचा आस एकमेकांशी जखडले जातात, मध्ये त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे डिफरन्शियल नसते. अशा वेळी एका चाकाला जुन्या मापाची स्टेपनी लावली तर सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही आसांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर येतो. घेताना साइडवॉलवरचे शेवटचे चार आकडे प्रत्येक टायरवर वाकून वाचले. पहिले दोन आठवडा सांगतात आणि पुढचे दोन वर्ष. पाचांपैकी एक टायर बाकीच्यांपेक्षा दीड वर्षाने जुना निघाला, तो तिथल्या तिथे बदलून घेतला.

हवेचा दाब डांबरावर २८ पीएसआय ठेवतो. मुरूम आणि दगडधोंड्यांवर २०, चिखलात १६. हवा कमी केली की टायर रुंदीपेक्षा लांबीने अधिक पसरतो, पकड वाढते आणि दगडावरून जाताना रबर फाटण्याऐवजी दबते. टायरची कड रिमला आवळून धरणारे बीडलॉक नसल्यामुळे १५च्या खाली जात नाही, कारण वळताना टायर रिम सोडण्याची भीती असते. कॉम्प्रेसर थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घेतला आहे. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणाऱ्याने चार टायर भरायला बसलो असतो तर धारूरला पोहोचेपर्यंत अंधार पडला असता.

ऑगस्टमध्ये मात्र माझी चांगलीच फजिती झाली. शेतावरून परतल्यावर ताशी ७० किलोमीटरच्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले. पुढे सलग आस असलेल्या गाडीत ही थरथर वाढत जाऊन हात झटकू लागते, हे वाचलेले असल्यामुळे मी घाबरलो. एका दुकानात अलाइनमेंट करून घेतले, फरक पडला नाही. दुसऱ्या ठिकाणी किंगपिनचे (पुढचे चाक ज्यावर वळते त्या खुंटीचे) बेअरिंग बदलायला सांगितले. त्याआधी घरी चाक उतरवून आडवे केले, तर रिमच्या आतल्या काठाला मूठभर काळी माती वाळून दगडासारखी बसलेली दिसली, आणि तीही एकाच बाजूला. खुरप्याने ती खरवडून काढायला पाऊण तास लागला. थरथर गेली. आता शेतातून आल्यावर माती ओली असतानाच रिमच्या आतून पाण्याचा मारा करतो.

सप्टेंबरमध्ये गाडी शेवटी रुतलीच, लो रेंज (कमी वेगात जास्त ओढ देणारा गियर) आणि १६ पीएसआय असूनही. शेजारच्या शेतातल्या ट्रॅक्टरने ओढून काढली. अण्णा बांधावर उभे राहून सगळे पाहत होते. त्यांनी पांदणीतली माती हातात घेऊन तिचा लाडू वळला आणि कमरेच्या उंचीवरून खाली सोडला. तो फुटला नाही, चपटा झाला. "वाफसा नाही अजून. औतसुद्धा घालीत नसतो आम्ही अशात," एवढेच ते म्हणाले. वाफसा म्हणजे माती मशागतीजोगी सुकणे. तेव्हापासून पांदणीच्या तोंडाशी गाडी थांबवून मी आधी लाडू वळतो. तो फुटला तरच हवा कमी करून आत शिरतो, नाहीतर गाडी डांबराच्या कडेला लावून चालत जातो. पाचव्या टायरसह अदलाबदल ८,००० किलोमीटरला करणार आहे, तेव्हा प्रत्येकाच्या खाचांची खोली मोजून इथे लिहीन.