तुम्ही विचारलंत म्हणून: कॉमर्स घेऊन पुढं काय?

दहावीचा निकाल लागला की पंधरा-वीस दिवस माझा फोन थांबत नाही. मी सांगलीत अकरावी-बारावीला पुस्तपालन शिकवते, मुलं त्याला ‘बीके’ म्हणतात. फोन करणारे बहुतेक आईवडील, क्वचित एखादा मामा. प्रश्न ठरलेला असतो: “मॅडम, सायन्सला टक्के कमी पडतायत. कॉमर्सला टाकावं म्हणतोय, पण पुढं काय?” मी थोडक्यात काहीतरी सांगते आणि फोन ठेवल्यावर लक्षात येतं की महत्त्वाचं तेवढं सांगायचं राहिलंच. म्हणून यंदा लिहूनच काढलं.

टक्क्यांचं आधी मिटवून टाकते. सायन्समधून उरलं ते कॉमर्सला, ही समजूत आपल्याकडे पक्की आहे. मुंबईचं सिडनहॅम कॉलेज १९१३ साली निघालं, आशियातलं पहिलं वाणिज्य महाविद्यालय. १९१८ ते १९२० या काळात तिथं अर्थशास्त्र शिकवायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. ते काही उरल्यासुरल्या पोरांना वेळ घालवायला शिकवत नव्हते. आजही मुंबई-पुण्यातल्या नावाजलेल्या कॉमर्स कॉलेजांची कटऑफ काढून बघा, सायन्स परवडलं म्हणाल. कमी टक्क्यांवर प्रवेश मिळतो तो इतरत्र, आणि तिथं पोरगं काय शिकून बाहेर पडणार हे टक्क्यांवर ठरत नाही.

शिकवतात काय, ते पालकांना सहसा माहीत नसतं. बीके, अर्थशास्त्र, ओसीएम म्हणजे वाणिज्य संघटन व व्यवस्थापन, आणि चौथा एक विषय. त्या चौथ्याकडे मी पुढं येणार आहे, कारण सगळी मेख तिथंच आहे.

बारावीच्या बीकेत निम्म्याच्या आसपास पुस्तक भागीदारीचं. नवा भागीदार आला, जुना निवृत्त झाला, एक वारला, फर्म मोडली. प्रत्येकाची वेगळी गणितं. कंटाळवाणी वाटतात, पण त्यांच्या मुळाशी १९३२ चा भागीदारी कायदा आहे आणि तो घराघरात घुसलेला आहे. आपापसात वेगळं काही ठरलेलं नसेल तर हा कायदा सांगतो की नफा-तोटा सगळ्यांनी सारखा वाटून घ्यायचा. एकानं दहा लाख घातलेत आणि दुसऱ्यानं दोन, तरी सारखा. भांडवलावर व्याज नाही. रोज बारा तास गल्ल्यावर बसणाऱ्याला पगार नाही. भांडवलापेक्षा जास्त पैसे फर्मला उसने दिले असतील तर त्यावर मात्र वर्षाला सहा टक्के व्याज. हे फळ्यावर लिहिलं की वर्गातलं एखादं पोर हमखास मान वर करतं. त्याच्या घरी नेमकं हेच चाललेलं असतं.

एका मुलीच्या वडिलांचं आणि काकांचं मिळून खत-बियाणांचं दुकान होतं. करार वगैरे काही नाही, भाऊ-भाऊ कशाला कागद करतील? काकांनी बाहेर पडायचं ठरवलं. ती तास संपल्यावर माझ्या टेबलापाशी आली. “मॅडम, काका दुकानाच्या नावाचे पण पैसे मागतायत. असं मागता येतं का?” निवृत्त भागीदाराचा गुडविलमधला वाटा, हा प्रश्न तिनं आदल्या आठवड्यातच सोडवला होता, पैकीच्या पैकी मार्कांचा. मी म्हटलं, “येतं. तू केलेलं गणित आहे ते.” आणि वर सांगितलं की घरी बोलशील तेव्हा माझं नाव मध्ये आणू नकोस. पुढं त्यांचं काय ठरलं ते मी विचारलं नाही. पण सतरा वर्षांच्या पोरीला घरातल्या भांडणातला खरा मुद्दा कुठं आहे हे मोठ्या माणसांच्या आधी कळलं होतं. हे दुसऱ्या कुठल्या विषयात होतं, मला सांगा.

असंच ताळेबंदाचं. आमच्या भागात पतसंस्थेत ठेव नाही असं घर विरळा. व्याज बँकेपेक्षा जास्त, चेअरमन ओळखीचे, पिग्मीवाला रोज दारात. पण बँक बुडाली तर ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, सहकारी बँकेलासुद्धा. पतसंस्थेच्या ठेवीला तो नसतो. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं घरी जाऊन सांगतात, आणि दुसऱ्या दिवशी कुणाची तरी आजी विचारायला पाठवते की मॅडमना नक्की माहीत आहे का. मग मी मुलांना वार्षिक अहवाल आणायला लावते. कर्ज किती, त्यातली थकबाकी किती, राखीव निधी किती, संचालकांच्या नातेवाइकांना दिलेलं कर्ज कुठल्या पानावर आहे, सगळं शोधायला लावते. बुडालेल्या संस्थांच्या दारात उभे राहिलेले लोक अडाणी नव्हते. कित्येकांच्या घरी अहवाल येत होता आणि तो रद्दीत जात होता.

आता ‘पुढं काय’. सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव सीए. बारावीनंतर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, दोन वर्षांची आर्टिकलशिप म्हणजे सीएच्या हाताखालची उमेदवारी (२०२३ च्या नव्या योजनेपर्यंत ती तीन वर्षांची होती) आणि फायनल. फाउंडेशनचे चार पेपर, प्रत्येकात किमान ४० आणि सगळे मिळून ५० टक्के हवेत. ऐकायला सोपं वाटतं, पण जून २०२४ च्या परीक्षेत बसलेल्यांपैकी १५ टक्क्यांच्या आसपासच पास झाले. मी कुणाला सीएपासून परावृत्त करत नाही. फक्त हे सांगते की बारावीच्या वर्षीच सगळं उरकायला हवं अशी सक्ती नाही. ५५ टक्क्यांनी बी.कॉम. झालेल्याला फाउंडेशन न देता थेट इंटरमीजिएटला बसता येतं. बारावी आणि फाउंडेशन ‘एकत्र करून देतो’ म्हणणाऱ्या क्लासची फी भरण्याआधी एवढं ऐकून घ्या. शिवाय सीएची परीक्षा इंग्रजी किंवा हिंदीत आहे, मराठीत नाही. बारावी मराठीतून देणाऱ्या मुलानं पुस्तकं अकरावीपासून दोन्ही भाषांत वाचावीत.

कंपनी सेक्रेटरी आणि कॉस्ट अकाउंटंट हे सीएचे सख्खे भाऊ, तुलनेनं दुर्लक्षित. बीबीए आणि बीएमएस या व्यवस्थापनाच्या पदव्यांना २०२४ पासून राज्याची सीईटी आहे. ती चुकवायला काही कॉलेजांनी अभ्यासक्रमांची नावंच बदलली, तेव्हा माहितीपत्रकावरचं नाव नीट वाचा. कायद्याच्या पाच वर्षांच्या पदवीला कॉमर्सचं मूल जातं आणि चांगलं करतं. आयआयएम इंदूर २०११ पासून बारावीनंतरच पाच वर्षांचा अभ्यासक्रम चालवतं, तिथं शाखेची अट नाही. एनडीएत लष्कराचं दार कुठल्याही शाखेला उघडं आहे. नौदल आणि हवाई दलाला भौतिकशास्त्र लागतं, ते आमच्याकडे नाही. इंजिनिअरिंग, वैद्यकीय बंद. हे आधीच स्पष्ट असलेलं बरं.

पण आमच्याकडची बहुतेक मुलं या यादीतली नसतात. ती बी.कॉम. करतात आणि सांगली, मिरज, कोल्हापूर, पुणे इथं कामाला लागतात. त्यांच्याबद्दल फार कुणी बोलत नाही म्हणून मी बोलते. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि मार्केट यार्डातल्या पेढ्यांचं रूप पालटलं. पूर्वी हळदीच्या अडतीवर एक दिवाणजी असायचे, धोतर-टोपीतले, लाल बासनातल्या वह्या सांभाळणारे. आता त्या खुर्चीवर आमची माजी विद्यार्थिनी बसते. महिन्याच्या ११ तारखेला विक्रीचं विवरण, २० तारखेला कराचा भरणा. ११ तारीख हुकली की खरेदीदाराचं क्रेडिट, म्हणजे त्यानं खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं आणि त्याचा फोन थेट मालकाला जातो. टॅली, म्हणजे हिशेबाचं सॉफ्टवेअर, चालवणारे पुष्कळ आहेत. जुळत नसलेलं बिल कुठं अडकलंय हे शोधणारे कमी आहेत, आणि मालक पगार वाढवतो तो त्यांचा. सुरुवातीचा पगार मात्र हलकाच असतो, ते लपवत नाही.

आणखी एक वाट कुणालाच सुचत नाही: सहकार खात्याची जीडीसी अँड ए, म्हणजे सहकार व लेखा पदविका. पदवीनंतर देतात, परीक्षा वर्षातून एकदा. ज्या राज्यात गल्लोगल्ली पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायट्या आणि शहरात प्रत्येक इमारतीची गृहनिर्माण संस्था आहे, तिथं सहकारी लेखापरीक्षकाला काम शोधत फिरावं लागत नाही. माझ्या एका विद्यार्थ्यानं बँकेच्या परीक्षा देऊन देऊन कंटाळून ही दिली. आता मार्च संपला की तो कुणाचे फोन उचलत नाही.

आता तो चौथा विषय. बहुतेक कॉलेजांत कॉमर्सला गणित किंवा एसपी, म्हणजे चिटणिसाची कार्यपद्धती, यांतलं एक निवडावं लागतं. आणि निवड कशी होते? “एसपीला मार्क पडतात.” मैत्रिणीनं घेतलं म्हणून, दहावीत बीजगणितानं घाम फोडला म्हणून, क्लासवाल्यांकडे गणिताची बॅच नाही म्हणून. अर्ध्या मिनिटात.

माझ्या मते ‘पुढं काय’चं उत्तर त्या अर्ध्या मिनिटात ठरतं. संख्याशास्त्राची पदवी, विमा कंपन्यांतलं ॲक्च्युअरीचं (जोखमीचं गणित मांडण्याचं) काम, दिल्ली विद्यापीठासारख्या ठिकाणचं अर्थशास्त्र ऑनर्स, डेटावर चालणाऱ्या नोकऱ्या: ही दारं गणित सोडलं की एक तर बंद होतात नाहीतर फार जड होतात. सीए फाउंडेशनला गणित असण्याची अट नाही, पण चारातला एक अख्खा पेपर गणित, तर्क आणि संख्याशास्त्राचा आहे. बारावी कॉमर्सचं गणित म्हणजे सायन्सचं गणित नव्हे, हेही पालकांना ठाऊक नसतं. विकलन-समाकलन आहे थोडं, पण जोडीला कमिशन आणि दलाली, विमा आणि वार्षिकी, निर्देशांक, संभाव्यता. महागाई भत्ता कशावर ठरतो, कर्जाचा हप्ता कसा निघतो, हे त्यात येतं. दहावीला ५५ मार्क पडलेल्या मुलांनी हे गणित नीट केलेलं मी पाहिलंय.

एसपी वाईट आहे असं नाही. शेअर, डिबेंचर, ठेवी, डिमॅट, शेअर बाजार, सगळं त्यात आहे, आणि आजच्या मुलांना त्याची गरज मला स्वतःला जास्तच वाटते. अठरा पूर्ण झाले की पोरं डिमॅट खातं उघडतात आणि ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, उतरतात, कुठल्याशा टेलिग्राम ग्रुपच्या भरवशावर. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२४ मध्ये आकडे जाहीर केले: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या १०० व्यक्तींपैकी ९३ जणांनी पैसे गमावले. हा आकडा मी दर वर्षी वर्गात सांगते आणि दर वर्षी मागच्या बाकावरचा एखादा उरलेल्या सातांत स्वतःला धरतो. एसपीचं पुस्तक घरी वाचता येतं. गणित एकदा सुटलं की घरी बसून धरता येत नाही. एवढ्याचसाठी मी गणिताच्या बाजूनं बोलते.

ओसीएमबद्दलही थोडं, कारण मार्कांसाठी तेच सगळ्यात पाठ केलं जातं. हेन्री फेयॉलची चौदा तत्त्वं पोरं घडाघडा म्हणतात. फेयॉल हा खाण अभियंता होता, कोळशाची कंपनी चालवता चालवता त्याला ती सुचली, हे कुणाला ठाऊक नसतं. एका कर्मचाऱ्याला एकाच वरिष्ठाकडून हुकूम यावा, हे त्यातलं एक. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, आमच्या दुकानात आजोबा म्हणतात उधार देऊ नको, पप्पा म्हणतात दे.” उत्तरपत्रिकेत त्यानं हे उदाहरण लिहिलं असतं तर मी खूश झाले असते. त्यानं गाइडमधलं लिहिलं. प्रकल्पाच्या वह्यांचं तर बोलायलाच नको. वीस मार्कांसाठी तीच झेरॉक्स चार वर्गांत फिरते. यात मुलांइतकेच आम्ही शिक्षक धनी आहोत.

२०२५ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झालेत, पण ऑनलाइन तुम्ही शाखा आणि कॉलेज निवडता. विषयांची खूण बहुतेक ठिकाणी प्रवेश पक्का करायला कॉलेजात जाल तेव्हा होते. खिडकीपलीकडचा कारकून मान वर न करता विचारेल, “एसपी का मॅथ्स?” मागं रांग असेल. त्याआधी एक करा. कॉलेजला फोन करून विचारा की कॉमर्सच्या गणिताची तुकडी यंदा चालू आहे का आणि शिकवायला कायमचे शिक्षक आहेत का. छोट्या कॉलेजांत पाच-सहाच मुलं गणित मागतात म्हणून तुकडी बंद होते आणि मग सगळ्यांना एसपीत बसवतात. तसं असेल तर पसंतीक्रमात वरचं कॉलेज बदला. बसचं अंतर थोडं वाढलं तरी चालेल.