लासलगावला कांद्याचे भाव टिपायला जाताना

लासलगावला रेल्वे स्थानक आहे, पण बऱ्याच जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. नाशिक रोड किंवा मनमाडला उतरून पुढे एसटी धरावी. ज्या संस्थेसाठी पाहणी करतोय तिचं पत्र बाजार समितीच्या सचिवांकडे आधी पोचलेलं असलं की आवारात वावरायला अडचण येत नाही.

सकाळच्या लिलावाच्या तासभर आधी पोचावं. तेव्हा ट्रॅक्टर रांगेत उभे असतात आणि शेतकऱ्याला बोलायला सवड असते. एकदा बोली सुरू झाली की एका ट्रॉलीचा सौदा काही क्षणांत उरकतो. मध्ये प्रश्न विचारूच नयेत.

इथेच सगळ्यात मोठी चूक होते. कानावर पडलेली बोली म्हणजे शेतकऱ्याला मिळालेला भाव नव्हे. सौद्यानंतर गाडी वजनकाट्यावर जाते, मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर (माल उतरवायच्या जागेवर) खाली होते. माल ओतताना आत सड किंवा बारीक कांदा निघाला तर वांधा होतो आणि भाव पुन्हा ठरतो. म्हणून बोलीचा भाव आणि हिशोबपट्टीवरचा (शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या पावतीवरचा) भाव, दोन्ही वेगळ्या रकान्यांत घ्या. वजन, कपाती आणि हाती आलेली रक्कमही पट्टीवरूनच उतरवा. कांदा उन्हाळ, लाल की रांगडा (हे हंगामानुसार प्रकार) हे लिहिलं नाही, तर त्या नोंदीची तुलना कशाशीच करता येत नाही. समितीच्या फलकावरचा सर्वसाधारण भाव ही सरासरी समजू नका. बहुतेक माल ज्या भावाच्या आसपास गेला तो हा भाव.

लिलाव बंद असलेल्या दिवशी आवक शून्य लिहायची नाही, ‘बंद’ लिहायचं. 8 डिसेंबर 2023 च्या निर्यातबंदीनंतर लिलाव बंद पडले, तेव्हा कांदा नव्हता असं कोण म्हणेल? जुन्या आकड्यांत अमावास्येच्या तारखाही रिकाम्या दिसतात, कारण पूर्वी त्या दिवशी लिलाव होत नसत.

गावातल्या मुलाखती संध्याकाळी घ्या. लागवड-काढणीच्या दिवसांत दुपारी घरी कुणी सापडत नाही. आपण पंचनाम्याला किंवा अनुदानासाठी आलेलो नाही हे पहिल्याच वाक्यात सांगा, नाहीतर क्षेत्र आणि नुकसान दोन्ही फुगतात. आधार क्रमांक मागू नका. क्षेत्र गुंठ्यांत विचारा (40 गुंठे म्हणजे एकर). सातबारा भावांच्या नावावर वेगवेगळा आणि शेती एकत्र, असं सर्रास असतं. तेव्हा कसणारं कुटुंब हेच एकक धरा. लागवड बहुधा उक्ती, म्हणजे एकरी ठरलेल्या रकमेवर, दिलेली असते. प्रश्नावलीत फक्त रोजाच्या मजुरीचा रकाना असेल तर माहिती भरणारा सहायक अंदाजाने भागाकार करतो आणि मजुरीचे आकडे बिघडतात. उक्त्याचा एकरी दर वेगळा नोंदवा आणि तो घरातल्या बाईंनाही विचारा. किती बायका किती दिवस होत्या हे त्यांना नेमकं आठवतं.

चाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) भरलेला आणि विकलेला कांदा वेगवेगळा विचारला तरच साठवणुकीतली घट कळते. उत्तर ट्रॉलीत आलं तर ट्रॉलीचा आकारही विचारा.

टॅबवर फॉर्म नेटशिवाय चालतो का, हे निघण्याआधीच पाहा. भावाच्या रकान्याला किमान-कमाल मर्यादा घाला, कारण कुणी किलोचा भाव सांगतं, कुणी क्विंटलचा. रोज रात्री माहिती अपलोड करा आणि दहातल्या एका घरी दुसऱ्या सहायकाला पाठवून क्षेत्र आणि ट्रॉल्यांची संख्या पुन्हा विचारून घ्या.