लुर्दचे ७२ आणि बाकीचे सगळे

आपल्या ख्रिस्ती लोकांत कोणी आजारातून उठलं की लगेच "साक्ष द्या, लोकांचा विश्वास वाढेल" असं सुरू होतं. देऊ देत, पण चमत्कार बघून विश्वास येतो हे गणित मला तरी पटत नाही. येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले, आभार मानायला परत आला एकच, तोही शमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परकं मानायचे त्यांच्यातला. बाकीच्या नऊ जणांची कातडी साफ झाली आणि ते गेले आपापल्या वाटेने!

फ्रान्समधल्या लुर्दचंच बघा ना. १८५८ साली बर्नादेत नावाच्या गरीब मुलीला तिथे मरियामातेचं दर्शन झालं, झरा लागला आणि तेव्हापासून आजारी लोकांची रीघ लागलीय. बरं झालो असं सांगणाऱ्या ७ हजारांवर केसेस तिथल्या मेडिकल ब्युरोकडे नोंदल्यात आणि चर्चने चमत्कार म्हणून मान्य केलेत फक्त ७२. आजार खरंच गंभीर होता का, अचानक आणि पूर्ण बरा झाला का, पुन्हा उलटला का, औषधाचा गुण तर नाही ना, सगळं खोदून खोदून विचारतात, आणि डॉक्टर एवढंच म्हणतात की आम्हाला कारण सांगता येत नाही, चमत्कार म्हणायचं की नाही ते बिशप ठरवतात.

७१ वी केस तर भारीच आहे. जॉन ट्रेनर, लिव्हरपूलचा सैनिक, पहिल्या महायुद्धात जखमी झालेला, उजवा हात लुळा, फिट्स यायच्या, कवटीला भोक. १९२३ मध्ये स्ट्रेचरवरून लुर्दला नेला, तिथे बरा झाला आणि घरी येऊन कोळशाच्या गोण्या उचलायचा धंदा करू लागला, तरी सरकार त्याला शेवटपर्यंत पूर्ण अपंगत्वाची पेन्शन देत राहिलं कारण कागदोपत्री तो कधी बरा होणारच नव्हता 😄 आणि चर्चने त्याला चमत्कार म्हटलं कधी, तर डिसेंबर २०२४ मध्ये, माणूस १९४३ लाच वारलेला.

आणि बर्नादेत? तिला लहानपणापासून दमा, पुढे हाडांचा टीबी, आणि ३५ व्या वर्षी गेली. तिच्यासमोर निघालेल्या झऱ्याने तिला बरं केलं नाही आणि तिने त्याची तक्रारही केली नाही. मला विचाराल तर ७२ केसेसपेक्षा ही एक मोठी वाटते.

लुर्दला लाखो लोक जातात, बहुतेक सगळे होते तसेच परततात आणि जमलं तर पुन्हा जातात. बांद्र्याच्या मोतमावलीला (माउंट मेरी चर्च) मेणाचे पाय वाहणारे आपले लोक तरी वेगळं काय करतात, गुडघा दुखायचा थांबला नाही तरी पुढच्या सप्टेंबरला जत्रेच्या गर्दीत उभे असतातच की.

फक्त स्टेजवरून "गोळ्या बंद करा, विश्वास ठेवा" सांगणारे असतात ना, त्यांच्यापासून लांब राहा. लुर्दला बरं झालो म्हणून सांगायला गेलात तर ते आधी तुमचे जुने रिपोर्ट मागतात.