किराणा पुरवायचा तर हिशोब ताटापासून धरा

पैशांची ओढाताण सुरू झाली की पहिली धाव स्वस्त मालाकडे असते. त्यात चूक काहीच नाही, पण खरी गळती बहुतेक वेळा घरात होते. आणलेली भाजी सडते, उरलेला भात फेकला जातो, कडधान्याला भुंगे लागतात. किलोचा दर नंतर बघू. आणलेल्यातलं किती ताटात पोचलं, हे आधी बघायला हवं.

यादी करण्याआधी डबे आणि फ्रिज उघडून प्रत्येक वस्तू किती उरली आहे ते लिहून काढा. आधी खराब होणाऱ्या वस्तूंपुढे खूण करा. पहिल्या तीन-चार दिवसांचा स्वयंपाक या खुणांवरून ठरवायचा आणि यादीत फक्त त्यासाठी कमी पडणारं लिहायचं. नवा माल डब्यात मागे, जुना पुढे.

मग दर. पुड्यांवरच्या किमती एकमेकींशी ताडून काही कळत नाही, कारण वजनं वेगळी असतात. किमतीला ग्रॅमने भागा आणि 100 ने गुणा; 100 ग्रॅमचा दर मिळतो. मोठा पुडा दर वेळी स्वस्त पडतोच असं नाही. भाजीला आणखी एक पायरी आहे. शेंगांसकट घेतलेला मटार सोलला की निम्म्याहून कमी उरतो. एकदा घरी तोलून बघा. 1 किलो शेंगांतून 400 ग्रॅम दाणे निघाले, तर दाण्यांचा खरा भाव शेंगांच्या अडीचपट झाला. आता सोललेल्या, गोठवलेल्या मटाराशी तुलना करा. उलट फ्लॉवरचा दांडा आणि कोवळी पानं शिजवून खाता येतात, ती टाकली तर भाव आपणच वाढवतो.

महिन्याचा माल एकदम भरत असाल तर वाटे सुरुवातीलाच पाडा. महिना चार आठवड्यांचा धरला की शेवटचे दोन-तीन दिवस कोरडे जातात, म्हणून भागाकार 30 ने. 3 किलो डाळ म्हणजे रोज 100 ग्रॅम. तेलाचंही तसंच, रोजचं तेल सकाळीच छोट्या वाटीत मोजून घ्यावं. बाटलीतून थेट कढईत ओतलं की अंदाज हमखास चुकतो.

पैसे कमी असताना सर्वांत जास्त साथ देतात ती कडधान्यं. 100 ग्रॅम कोरड्या हरभऱ्यांचे शिजून 220 ते 250 ग्रॅम होतात. शिजवलेल्या हरभऱ्याच्या 400 ग्रॅमच्या डब्यात, पाणी निथळल्यावर, साधारण तेवढाच ऐवज असतो. मुख्य पदार्थ म्हणून माणशी 50 ते 60 ग्रॅम कोरडं पुरतं. पण कडधान्य शिजलं नाही तर गॅसही जातो आणि जेवणही, म्हणून ते नीट शिजवण्याची रीत सांगते.

मोठ्या दाण्याचं कडधान्य तिप्पट पाण्यात 8 ते 12 तास भिजवा. उन्हाळ्यात आंबट वास येऊ लागतो, तेव्हा मध्ये एकदा पाणी बदला किंवा भांडं फ्रिजमध्ये ठेवा. भिजवताना लिटरला एक मोठा चमचा मीठ घातलं तर सालं मऊ होतात. सालीतल्या कॅल्शियमची जागा मिठातलं सोडियम घेतं, म्हणून असं होतं. शिजवताना हे पाणी टाकून नवं घ्या. टोमॅटो, लिंबू किंवा कुठलंही आंबट, दाणा बोटात चेपला जाईपर्यंत घालू नका. आंबटाने दाण्याची भिंत घट्ट राहते आणि मग तासभर उकळूनही तो कडकच लागतो. पाणी जड असेल तरी तेच होतं. त्यावर चिमूटभर सोडा चालतो. जास्त घातला तर साबणासारखी चव येते, दाण्याचा लगदा होतो आणि ब-1 जीवनसत्त्वही जातं. इतकं करूनही दाणा मऊ पडत नसेल तर माल फार जुना आहे किंवा उष्ण, दमट जागी राहिलेला आहे. तो भिजवून, वाटून वापरा.

राजम्याबाबत हयगय नको. कच्च्या दाण्यात उलट्या-जुलाब करणारं द्रव्य असतं. निदान 5 तास भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात कमीत कमी 10 मिनिटं, शक्यतो अर्धा तास खळखळ उकळायलाच हवा. गॅस वाचवण्यासाठी नुसत्या मंद आचेवर ठेवलेला राजमा मऊ झाला तरी सुरक्षित नसतो. इंधन वाचवायचं तर कुकर वापरा आणि एकदम दोन-तीन वेळचं शिजवा. उरलेलं शिजवलेल्या पाण्यासकट, वर थोडी जागा सोडून फ्रीजरमध्ये ठेवा.

मांसाहार करत असाल तर 500 ग्रॅम खिम्यात 100 ग्रॅम कोरडा अख्खा मसूर शिजवून मिसळा. जवळजवळ निम्म्याने वाढतो. खिमा आधी मोठ्या आचेवर एकटाच परता. मसूर लवकर घातला तर त्याच्या पाण्यात मांस उकडतं, तांबूस होत नाही आणि चव पसरट लागते. मीठ-मसाला शेवटी पुन्हा चाखून वाढवा. बेचव झाल्याची तक्रार बहुधा एवढ्यावरच मिटते.

उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. शिजण्यातून वाचलेले जिवाणू कोमट भातात वाढतात आणि त्यांचं एक विष पुन्हा गरम केल्यानेही मरत नाही. ताटात पातळ पसरून गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये टाका, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत एकदाच गरम करून संपवा. ब्रेड मात्र फ्रिजमध्ये लवकर शिळा होतो. त्याचे काप फ्रीजरमध्ये ठेवून लागतील तसे थेट भाजलेले बरे.

पालेभाजी ओली ठेवली की सडते. निवडून, कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवा. केळी, सफरचंदं आणि पिकलेल्या टोमॅटोंपासून दूर, कारण त्यांतून निघणाऱ्या वायूने पानं पिवळी पडतात. पानं नुसती मलूल असतील तर अर्धा तास गार पाण्यात बुडवा, टवटवीत होतात. बुळबुळीत झालेली टाका. बटाटे अंधारात, हवेशीर जागी आणि कांद्यांपासून वेगळे. उजेडात ते हिरवे पडतात, आणि त्यासोबत वाढणारं कडू विष शिजवून जात नाही.

काही ठिकाणी काटकसर करूच नये. बुरशी आलेले शेंगदाणे आणि धान्य धुऊन, भाजून सुरक्षित होत नाही. तेल मोजून घ्या, पण बंद करू नका. कष्टाची कामं करणाऱ्याला एका ग्रॅममागे 9 कॅलरी देणारा हा जिन्नस लागतो. डाळ कमी करून नुसत्या भातावर किंवा पिठावर भागवण्यापेक्षा बिस्किटं, सरबतं, तयार खाऊ आधी यादीतून काढा. तान्ह्या बाळाच्या पावडरच्या दुधात मात्र डब्यावर लिहिलंय त्याहून चमचाभरही जास्त पाणी घालू नका. त्याने बाळाचं पोषण तर तुटतंच, शिवाय रक्तातलं सोडियम उतरून झटके येऊ शकतात. दूध परवडेनासं झालं असेल तर सरकारी दवाखान्यात किंवा आरोग्य सेविकेला लगेच विचारा.