उरलंसुरलं पाणी

लॅब्रेडोरच्या ओल्या शेपटीला थंडीत आवाज येतो. कुत्रा पाण्यातून बाहेर येतो, अंग झाडतो, आणि शेपटीच्या केसांना चिकटलेले थेंब बघता बघता गोठून त्यांचे मणी होतात. मग शेपटी हलली की ते एकमेकांवर वाजतात. मिनेसोटात नोव्हेंबरच्या शेवटी, पारा उणे 10 च्या आसपास असताना, बदकांच्या शिकारीला बसणाऱ्यांना हा आवाज ओळखीचा असतो. सप्टेंबरात मोसम उघडतो तेव्हा तो नसतो. तेव्हा डास असतात आणि माणसं असतात.

मोसमाची सुरुवात म्हणजे जत्राच. मोटारबोटी, खऱ्या बदकांना भुलवायला गाडीभर खोटी बदकं, बॅटरीवर पंख फिरवणारी यंत्रं, आणि पहाटे चार वाजता जागेवरून होणारी भांडणं. मला त्या पंख फिरवणाऱ्या यंत्राचा मनापासून तिटकारा आहे. ते चालत नाही असं नाही, पहिले काही आठवडे चांगलं चालतं. पण कॅनडापासून खाली येईपर्यंत बदकांनी अशी यंत्रं इतकी पाहिलेली असतात की लांबूनच ती वळतात. शेवटच्या आठवड्यांत तळी गोठतात, बोटी पाण्यात उतरत नाहीत, निम्मे लोक हरणांच्या मागे जातात. उरतं ते नदीच्या एखाद्या वळणावरचं, प्रवाहामुळे न गोठलेलं किंवा झऱ्याच्या तोंडाशी उघडं राहिलेलं पाणी. आणि उरतात ते मॅलार्ड. हिरव्या डोक्याचे, पूर्ण पिसाऱ्यातले, मका खाऊन टरटरलेले नर. हे बदक नुसत्या थंडीनं हलत नाही. पाणी पुरतं मिटलं किंवा कापणी झालेल्या मक्याच्या शेतावर बर्फाचा जाड थर बसून सांडलेले दाणे दिसेनासे झाले, की मग ते दक्षिणेला निघतं.

त्यामुळे पहाटे उठायचीही गरज नाही. कायद्यानं सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार टाकता येतो, पण कडाक्याच्या थंडीत मॅलार्ड सकाळी उशिरापर्यंत पाण्यावरच एकमेकांना खेटून बसून राहतात. ऊन चढल्यावर शेताकडे जातात आणि पोट भरलं की पाणी प्यायला परततात. ती आपण होऊन उठून गेल्यावरच आपण तिथे पोचायचं. बसलेल्या थव्यात शिरून बार टाकला तर चार बदकं मिळतीलही, पण पुन्हा त्या पाण्यावर थवा येत नाही. दहाच्या सुमाराला, थर्मासमधला चहा घेऊन, निवांत जावं.

सोबत आठ-दहा खोटी बदकं पुरतात. त्यांत नर जास्त घ्यावेत, त्यांच्या अंगावरचा पांढरा रंग लांबून दिसतो. वारा पाठीशी किंवा बाजूला ठेवून बसायचं, कारण बदक वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. मधे मोकळी जागा ठेवायची, तिथेच ती उतरतात. काठाला बर्फ धरलेला असेल, पाणी गुडघाभर असेल आणि खाली तळ टणक असेल तरच तो फोडायला जावं. इथे नवखे हमखास चुकतात. बुटानं ठोकून त्याचा चुरा करतात, मग तो चुरा तरंगत राहतो, तासाभरात पुन्हा सांधतो आणि उन्हात काचेसारखा चमकतो. त्यापेक्षा कडेनं तुडवत एक मोठा तुकडा सोडवावा, त्याची एक बाजू दाबून तो तिरका करावा आणि शेजारच्या बर्फाखाली सरकवून द्यावा. पाणी स्वच्छ, काळं दिसतं. खोट्या बदकांच्या पाठीवर उडालेलं पाणीही गोठतं. ती चकाकली की वरचा थवा बिचकतो, म्हणून अधूनमधून बुडवून पुसावी लागतात.

आणि एक दोरी. तिच्या एका टोकाला वजन, मधे हातभर रबर, पुढे दोन खोटी बदकं, आणि दुसरं टोक आपल्या हातात. वारा पडला की पाणी मेल्यासारखं दिसतं, दोरी ओढली की तरंग उठतात. थवा पाठमोरा झाला की ओढायची, आपल्याकडे वळून पंख ताठ धरले की सोडून द्यायची. हातभर रबरात त्या बॅटरीच्या यंत्रापेक्षा जास्त अक्कल आहे. बदकाच्या आवाजाची शिट्टी फार वाजवू नये. श्वासातल्या ओलीनं तिची पट्टी गोठते आणि नेमक्या वेळी नुसती फुंकर निघते. ती शर्टाच्या आत, अंगाशी ठेवावी.

बंदुकीचंही थंडीत तंत्र असतं. आपोआप भरणाऱ्या बंदुकीतलं तेल घट्ट होतं आणि दुसरं काडतूस अडकतं, म्हणून तेल जवळजवळ कोरडं पुसून काढायचं. रात्री बंदूक उबदार घरात आणून सकाळी परत बाहेर नेली तर आत धरलेला दमटपणा गोठतो, ती थंड गॅरेजमध्येच कुलपात राहिलेली बरी. जाड कोटामुळे दस्ता खांद्याला येताना काखेत अडकतो. शेवटच्या आठवड्यांतले निम्मे नेम त्यापायीच चुकतात, आणि दोष मात्र काडतुसांना दिला जातो. छर्रे पोलादी. पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे 1991 पासून अमेरिकाभर बंद आहेत, कारण तळाशी पडलेले ते बदकं खड्यांसोबत गिळायची आणि विषबाधेनं मरायची. पोलाद हलकं, म्हणून छर्रा मोठा घ्यायचा, दोन किंवा तीन नंबरचा, आणि पस्तीस यार्डांपलीकडे बार टाकायचा नाही.

एवढं सगळं झाल्यावर बदकं आधी दिसतात ती कुत्र्याला. पाणकणसाच्या लपणात तो शेजारी बसलेला असतो, पाण्याच्या वर ठेवलेल्या फळीवर. ओल्यात बसवला तर अर्ध्या तासात काकडतो. अंगात पाच मिलिमीटर जाडीचं निओप्रीन रबराचं जाकीट, बेतशीर घट्ट. सैल असलं तर आत पाणी भरतं आणि काखा सोलवटतात. त्याची मान हळूहळू वळते आणि एका जागी थांबते. आपण तिकडे बघावं, आकाश रिकामं असतं. थोड्या वेळानं त्याच रिकाम्या जागी पाच ठिपके उमटतात. बार झाला तरी आपण त्याचं नाव घेईपर्यंत त्यानं उठायचं नाही. पुढचे दोन पाय थरथरतात, घशातून बारीक कुंई निघते, पण बूड फळीला चिकटलेलं. हे शिकवायला महिने जातात, आणि घाईघाईत एकदा सोडलं की पुढच्या वेळी तो विचारतही नाही.

याच जातीचा कुत्रा पुण्यात सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर सोफ्यावर लोळतो आणि पाहुणे आले की त्यांची एक चप्पल तोंडात धरून घरभर मिरवतो. चपलेवर दाताची खूण नसते. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची जाळी आणि निसटलेले मासे ओढून आणणाऱ्या कुत्र्यांचा हा वंशज. बदक चावून मोडायचं नाही, धरून आणायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या निवडून पक्कं केलेलं मऊ तोंड. पाहुण्यांना वाटतं लाडावलाय. लाडावलेला असतोच, पण चप्पल हा वेगळा मुद्दा आहे.

जखमी मॅलार्ड बुडी मारतो आणि गवताच्या मुळांत नुसती चोच वर काढून बसतो. माणूस तिथून चारदा जाईल आणि त्याला दिसणार नाही. कुत्रा काठाकाठानं नाक लावत जातो आणि काढतो. कुत्र्याशिवाय बदकं मारू नयेत या मताचा मी आहे, आणि त्यात फारशी तडजोड करायची तयारी नाही.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानं आणि त्याच्या 1991 च्या दुरुस्तीनं शिकारीचा विषय मिटला, ते योग्यच झालं. भरतपूरला दगडावर कोरून ठेवलंय: 1938 साली व्हाइसरॉय लिनलिथगोंच्या मेजवानीत एका दिवसात 4,273 पक्षी. त्याला काय म्हणायचं ते म्हणा, शिकार म्हणू नये. अमेरिकेतही बाजारासाठी अशीच कत्तल चालायची. 1918 च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यानं तिला लगाम बसला. 1935 मध्ये जिवंत बदक बांधून आमिष लावणं, दाणे टाकणं बंद झालं आणि बंदुकीत एका वेळी तीनच काडतुसं आली. 1934 पासून सोळा वर्षांवरच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला ‘डक स्टॅम्प’ नावाचं एक तिकीट घ्यावं लागतं. तेव्हा एक डॉलर, आता पंचवीस, आणि तो पैसा पाणथळ जागा विकत घ्यायला जातो. मिनेसोटा ज्यात येतं त्या मिसिसिपी स्थलांतर-पट्ट्यात माणशी दिवसाला सहा बदकं, त्यांत मॅलार्ड चार, त्यांतल्या माद्या दोनच.

घरी पोचेपर्यंत एक पंख किंवा डोकं पिसांसकट ठेवावं लागतं, जात आणि नर-मादी तपासता यावी म्हणून. या दिवसांतल्या बदकाची कातडी सोलणं हा गुन्हा नाही, पण असायला हवा. मक्याची पिवळी चरबी कातडीखालीच असते. पिसं उपटावीत, बारीक लव राहिली तर गरम पाण्यावर वितळलेल्या मेणात बुडवून, गार करून सोलावी. दोन दिवस फ्रीजमध्ये उघडं ठेवून कातडी कोरडी करावी, मीठ लावावं, आणि कडक तापलेल्या ओव्हनमध्ये छाती आत गुलाबी असतानाच काढावं. पूर्ण शिजवलं की काळजासारखी चव येते. ज्यांना गुलाबी मांस बघवत नाही त्यांनी पाय वेगळे काढून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात दीड-दोन तास मंद शिजवावेत. जेवताना छर्ऱ्याकडे लक्ष ठेवावं, पोलादावर दाढ तुटते.

राहिलं नदीचं. वाहत्या पाण्याच्या पलीकडे, पातळ बर्फाच्या थरावर बदक पडलं तर ते सोडून द्यायचं. कायदा सांगतो की पडलेला पक्षी आणण्याचा पुरेसा प्रयत्न करा. तो प्रयत्न आपण लांबून वळसा घालून करायचा, कुत्र्याला पाठवून नाही. बर्फ मोडला की प्रवाह त्याला कडेखाली ओढतो, आणि तिथून कुत्रा परत येत नाही. जाकीट तरंगवतं, पण बर्फाखाली तरंगून काय उपयोग. आणि हे त्याला समजावता येत नाही. त्यानं ते पडताना पाहिलेलं असतं, जागा त्याच्या डोक्यात पक्की बसलेली असते, आणि पाठ वळली की तो स्वतःहून निघेल. म्हणून खिशात पट्टा हवा, आणि तो बार टाकायच्या आधी खिशात आहे ना, हे चाचपून बघायला हवं.