टोणग्याचे अलंकार

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या म्हणून फोन आला आणि खरं सांगतो, इमारत, घंटा, पटांगण काहीच डोळ्यासमोर आलं नाही, आले ते फक्त आपले मराठीचे सर. नाव लिहायची गरजच नाही, पांढरी टोपी म्हटलं की १९९३ च्या आधीच्या सगळ्या बॅचना कळतंय. बाकीच्या शिक्षकांनी पण शिकवलंच, ते दुसरं कोणीतरी लिहील.

नववीत एकदा तास सुरू व्हायच्या आधी मी मागच्या बाकावरच्या एकाला "सरक की टोणग्या" म्हणून ओरडलो आणि सर दारातच. म्हटलं आता छडी. सर काय बोललेच नाहीत, फळ्यावर लिहिलं 'टोणगा' आणि मला विचारलं, अलंकार कुठला? मला कुठलं यायला! मग तेच सुरू झाले. हा टोणग्यासारखा आहे, उपमा. हा जणू टोणगाच, उत्प्रेक्षा. हा टोणगाच आहे, रूपक. हा विद्यार्थी नव्हेच, टोणगा आहे, अपन्हुती. टोणग्याहून मठ्ठ, व्यतिरेक. आणि शेवटी माझ्याकडं बोट करून, "ह्याच्यासारखा हाच, हा अनन्वय." वर्ग असा फुटला की शेजारच्या बाई बघायला आल्या. बोर्डात अलंकाराचा एक मार्क गेला नाही माझा.

मग सर म्हणाले, अजून काय काय म्हणता एकमेकाला, सांगा. फळ्यावर एका बाजूला गाढव, माकड, गेंडा, सरडा, गोगलगाय, बोका, दुसऱ्या बाजूला भोपळा, बटाटा, शेवग्याची शेंग, चवळीची शेंग (ही मुलींच्या बाजूनं आली). सर म्हणाले बघा, भाजीवरनं हाक मारतो ती अंगापिंडावरनं, जनावरावरनं मारतो ती स्वभावावरनं, म्हणून बटाट्या म्हटलं तर पोरगं हसतं आणि गाढवा म्हटलं तर रडतं. बटाटा हा शब्दच पोर्तुगीजांबरोबर आला, तेव्हा ज्ञानेश्वरांच्या काळात कुणी कुणाला बटाट्या म्हटलं नसणार, हे पण त्याच तासाला सांगितलं.

पुढं मी शिरवळला व्हेटरनरीला गेलो, आज मिरज-तासगाव पट्ट्यात बरेच गोठे माझ्याकडं आहेत, बायको म्हणते स्मरणिकेत जाहिरात नको. पण एक लिहितोच, गाढव मठ्ठ नसतं. पुढं धोका वाटला की जागचं हलत नाही, त्याला आपण मूर्खपणा म्हणतो. आणि खरसुंडीच्या बाजारात खिलार खोंडाचे दात बघून त्याच्या पायाला हात लावणारी माणसं बघितली की वाटतं शिव्या देताना आपण जनावर नीट बघतच नाही. फळ्यावरचा तो पहिला रकाना दुरुस्त करायला हवा होता, हे सरांना सांगायचं होतं.

आता शाळेत डिजिटल फळा आलाय म्हणे. माझी पोरगी सगळ्यांना ब्रो म्हणते, भांडताना पण ब्रोच, आता त्याला कुठला अलंकार लावायचा?

सर शेवटचे भेटले ते सांगलीच्या गणपती मंदिराच्या बाहेर. टोपी तीच. काय करतोस म्हणाले, म्हटलं सर, जनावरांचा डॉक्टर. "म्हणजे अजून त्याच वर्गात आहेस की." मी हसलो, पाया पडलो. गाडीला लाळ्या-खुरकूतच्या लशीचा डबा अडकवलेला, बर्फ वितळायला लागलेला, म्हणून किक मारली आणि आयर्विन पुलाकडं निघालो. गाढवाचं सांगायचं राहूनच गेलं.